वसूलनीस

पेशव्यांच्या दप्तरात फडणीस होते, चिटणीस होते, पोतनीस होते. वसूलनीस नावाचा हुद्दा तेथे असल्याचे निदान माझ्या तरी वाचनात नाही. ही आसामी सर्वस्वी आपल्या काळाची आणि आपल्या गृहनिर्माण संस्थांची निर्मिती होय. ठाणे, डोंबिवली, कोथरूड, कोणत्याही वस्तीत जा, सकाळचा फेरफटका आटोपून बाकावर विसावलेला, रविवारच्या पुरवणीत पानभर पसरलेल्या सहलींच्या जाहिरातीवर तांबड्या पेन्सिलीने खुणा करीत असलेला, लेखापरीक्षण खात्यातून अथवा बँकेच्या तपासणी विभागातून सन्मानपूर्वक निवृत्त झालेला एक गृहस्थ तुमच्या दृष्टीस पडेल, आणि त्यास नमस्कार करून शेजारी बसण्याचा प्रमाद तुमच्या हातून घडलाच, तर चष्मा कपाळावर सरकवून तो तुम्हांला विचारील, "कंपनीबरोबर जायचं म्हणजे माणशी चार लाखांच्या वर. तेवढे वसूल होतात का हो?"

या प्रश्नाचे उत्तर त्यास नको असते. पैसे त्याने पाडव्याच्या मुहूर्तावर, सवलतीची मुदत टळण्याच्या आत, भरून टाकलेले असतात. आता त्याला फक्त साक्षीदार हवे असतात.

आमच्या इमारतीतही असे एक वसूलनीस आहेत. सामान्य माणूस सहलीचे माहितीपत्रक चित्रांसाठी चाळतो. आमचे वसूलनीस बर्फाच्छादित शिखरांकडे आणि ट्यूलिपच्या ताटव्यांकडे ढुंकूनही न पाहता थेट अखेरच्या पानावर जातात, आणि बारीक टायपात छापलेल्या 'सहलखर्चात काय समाविष्ट आहे' व 'काय समाविष्ट नाही' या दोन रकान्यांचे, जमिनीच्या खरेदीखतातील चतुःसीमा तपासाव्यात इतक्या कसोशीने, परिशीलन करतात. आयफेल टॉवर शेंड्यापर्यंत की दुसऱ्या मजल्यापर्यंतच? कोलोसियम आतून की बाहेरून? कारण या धंद्यात दर्शनाच्या परी आहेत. प्रत्यक्ष आत नेऊन घडवलेले ते एक दर्शन. रस्त्याच्या कडेला दहा मिनिटे बस थांबवून छायाचित्रापुरते घडवलेले, ज्याला त्या व्यवहारात 'फोटोस्टॉप' म्हणतात, ते दुसरे. आणि "उजव्या हाताला बघा, उजव्या हाताला… गेलं," अशा घोषात बसच्या काचेतून होणारे ते तिसरे. तिन्ही माहितीपत्रकात सारख्याच ठळक टायपात छापलेली असतात. वसूलनीसांनी मात्र त्यांचे तीन वर्ग पाडून, एकूण रकमेला स्थळांच्या संख्येने भागून, स्थळागणिक दर काढलेला असतो. आणि त्या गणितात एक विलक्षण गोष्ट त्यांच्या निदर्शनास आली होती की, स्वस्तातली सहल दिवसाला पाच स्थळे दाखवते, महागातली तीनच दाखवते. जास्त दाम घेऊन कमी माल देणारा हा एकमेव व्यापार असावा, असे त्यांचे मत होते.

इतिहासाचे दाखले देणारे लोक या व्यापाराचे जनकत्व टॉमस कुक या मद्यपाननिषेधक इंग्रजास देतात. ५ जुलै १८४१ रोजी त्याने सुमारे पाचशे माणसे माणशी एक शिलिंग घेऊन लेस्टरहून लॉफबरोस आगगाडीने नेली, आणि १८८१ साली त्याच्या पेढीने मुंबईतही कचेरी उघडली, हे खरे आहे. परंतु यजमान गावच्या वेशीवर दिसताच त्याच्या बिऱ्हाडाची, स्नानाची, श्राद्धाची व भोजनाची जबाबदारी एकरकमी उचलणारे, आणि त्याच्या आजा-पणज्यांची नावे नामावळीच्या वहीत काढून दाखवून त्याला गहिवर आणणारे आपले क्षेत्रोपाध्याय कुकच्या कितीतरी आधीपासून हेच करीत होते. त्यांच्याकडे अभिप्रायाचा छापील तक्ता नव्हता, एवढाच काय तो फरक. उलट पक्षी, कोणाच्या आधाराविना हिंडणारेही आपल्याकडे झाले. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७ साली काकांसमवेत उत्तरेची वाट धरली ती दक्षिणा मिळवण्यासाठी. खर्चून नव्हे तर कमावून परतायचे, असा त्यांचा चोख हिशेब होता. मध्येच बंड उपटले, आणि झाशीच्या वेढ्यासारखी, मूळ बेतात नसलेली कित्येक स्थळे त्यांना विनामूल्य पाहावी लागली. 'माझा प्रवास' वसूलनीसांनी वाचले आहे. त्यावर त्यांचा अभिप्राय एवढाच की, भटजींचे नियोजन कच्चे होते.

नियोजन हा शब्द वसूलनीसांच्या तोंडी अलीकडे जरा सावधपणे येतो, आणि त्यास कारण इटली. चिरंजीव हिंजवडीतील एका संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असून, हातातल्या फोनच्या पडद्यावर पुरेसा वेळ अंगठा फिरवला असता पृथ्वीतलावरील यच्चयावत वस्तू निम्म्या किमतीत मिळते, अशी त्यांची श्रद्धा आहे. "बाबा, कंपनीला कशाला पैसे चारायचे? मी सगळं जमवतो," असे म्हणून त्यांनी एका वर्षी इटलीची कौटुंबिक सहल स्वहस्ते रचली, आणि आकड्यांपुरते बोलायचे तर ती कंपनीच्या दरापेक्षा एक तृतीयांशाने स्वस्त पडली. तो तक्ता वसूलनीसांनी मला अभिमानाने दाखवला होता. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

जागा निघाली ती व्हेनिसात. त्या नगरात चारशेहून अधिक पूल असून त्यांतल्या बहुतेकांना पायऱ्या आहेत, ही माहिती भूगोलाच्या पुस्तकात वाचणे निराळे आणि तेवीस-तेवीस किलोच्या चाकांच्या बॅगा, दुखऱ्या गुडघ्यांच्या वहिनी व भुकेला नातू यांना बरोबर घेऊन भर दुपारी तिचा प्रत्यय घेणे निराळे. चिरंजीवांनी मिळवलेले घर स्वस्त का होते, याचा उलगडा तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत पायरीपायरीने होत गेला. दुसऱ्या दिवशी आगगाडीच्या कागदी तिकिटावर फलाटावरील यंत्रात शिक्का मारून घ्यायचा राहिला, आणि ज्याच्याशी कोणत्याही परिचित भाषेत हुज्जत घालता येत नव्हती अशा एका देखण्या तपासनिसाने दंडाची पावती हाती ठेवली.

तथापि पायऱ्या, ऊन वा दंड ही खरी आपत्ती नव्हेच. खरी आपत्ती ही की, दोष कोणाचा, या प्रश्नाचा निकाल दर वेळी घरातल्या घरातच लावावा लागे. घर चिरंजीवांनी निवडले हे खरे, पण "जरा स्वस्तातलं बघ" हे फर्मान वसूलनीसांचे. बॅगा जड झाल्या त्या वहिनींच्या मेतकुटाच्या व चिवड्याच्या डब्यांनी. आणि शिक्क्याबद्दलची सूचना सूनबाईंनी वाचली होती, परंतु 'मला कोण विचारतंय' या न्यायाने त्यांनी मौन पाळले होते. या पातकाची हिस्सेवाटणी करता करता फ्लॉरेन्स येऊन गेले आणि ते कोणीच पाहिले नाही. परतीच्या विमानात हे पाच जणांचे कुटुंब तीन निरनिराळ्या रांगांत विभागून बसले होते, आणि ती व्यवस्था विमान कंपनीने केलेली नव्हती.

पुढच्या पाडव्याला वसूलनीसांनी कोणाशी मसलत न करता कंपनीचे, आणि तेही तिच्या सर्वांत महाग श्रेणीतील, आरक्षण केले. निम्मी रक्कम चिरंजीवांनी निमूटपणे उचलली. महाग श्रेणीला वहिनींचे गुडघे हे निमित्त. स्वस्तातल्या सहलीत पॅरिसचा मुक्काम पुष्कळदा पॅरिसात नसून विमानतळाच्या आसमंतात कुठेतरी असतो आणि रोजचा तास-दीड तास बसमध्ये जातो. महागातल्या सहलीत हॉटेल गावात असते, बसमध्ये माणसे निम्मी असतात आणि बॅगा खोलीच्या दारापर्यंत येतात. हे सारे रास्तच होते. पण एवढा खर्च करून नुसते गुडघे पुढे करणे वसूलनीसांच्या स्वभावात बसणारे नसल्यामुळे, त्यांनी त्या रकमेवरील कराचा विषय हाती घेतला. परदेशी सहलीच्या मोबदल्यावर १ ऑक्टोबर २०२३ पासून सात लाखांपर्यंत ५ टक्के व त्यापुढे २० टक्के असा जो कर सरकार त्या वेळी आगाऊ वसूल करीत असे, तो विवरणपत्र भरताना वळता करून मिळतो आणि म्हणून तो खर्च नव्हेच, हे ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला समजावून देत. आणि आमची लिफ्ट अतिशय सावकाश चालते.

सहलीला टूर मॅनेजर म्हणून साताऱ्याकडचा एक सव्विशीचा मुलगा होता. सगळ्या बसला तो काका-काकू म्हणे. हिशेब, पासपोर्ट, औषधे, जैन थाळी, कोणाची तरी विसरलेली कवळी आणि नागपूरच्या आजींची चाकांची खुर्ची हे सर्व एकाच वेळी ध्यानात ठेवी. आणि रात्री निरोप घेताना, "उद्या आपलं सहा-सात-आठ," असे सांगून जाई. सहाला जागे होणे, सातला नाश्ता, आठला बस. वसूलनीस साडेसातलाच बसच्या दाराशी उभे असत. जागांची अदलाबदल रोज एकेक रांग मागे अशी व्हायची असते. तिचा त्यांनी पहिल्याच रात्री आराखडा तयार केला होता, आणि चौथ्या दिवशी एक कुटुंब नियमानुसार मागे सरकले नसल्याची कैफियत त्या मुलापुढे दाखल केली होती. मुलाने ती ऐकून घेतली. तो सगळेच ऐकून घेई. चॉकलेटच्या दुकानात पुणेकर मंडळींनी वीस मिनिटे जास्त लावली की तो घड्याळाकडे पाहून घामाघूम होई, कारण युरोपात बसचालकाने साडेचार तास गाडी हाकल्यावर पाऊण तास विसावा घेतलाच पाहिजे असा कायदा आहे, आणि चालकासमोरचे यंत्र त्याची नोंद मिनिटागणिक ठेवते. त्या यंत्रापुढे पुण्याचे वजन चालत नाही. चालक थांबला की बस थांबे, बस थांबली की जेवण लांबे, आणि जेवण लांबले की पहिला आवाज वसूलनीसांचा : "काय रे हे तुझं नियोजन?"

वसुलीची परमावधी जर्मनीच्या महामार्गावर झाली. तेथील पुष्कळशा विश्रांतिस्थानांवर शौचालयाच्या फाटकात एक युरो घालावा लागतो, आणि त्याबद्दल तेवढ्याच किमतीची एक चिठ्ठी मिळते, जी लगतच्या दुकानात खरेदी केल्यास वजा करून घेता येते. बाकीची मंडळी ती चिठ्ठी खिशात चुरगळून विसरून जात. वसूलनीसांना हे राष्ट्रीय संपत्तीचे नुकसान पाहवेना. त्यांनी बसच्या मधल्या वाटेने फिरून विनयपूर्वक सर्वांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, तारीखवार लावल्या, त्यांना रबर लावून ते पुडके पासपोर्टच्या कप्प्यात ठेवले, आणि पुढच्या थांब्यावर एकरकमी काय घ्यावे याचा खल चिरंजीवांशी सुरू केला. सूनबाईंनी कॉफीचा पुकारा केला. नातवाने मोटारीचा हट्ट धरला. इटलीनंतर प्रथमच ते कुटुंब एका विषयावर एकत्र बसून हसत होते. दुर्दैवाने त्यानंतर जर्मनीच्या हद्दीत बस थांबलीच नाही. याबद्दल त्या मुलाला जे ऐकून घ्यावे लागले त्यात या खेपेस चिरंजीवही सामील होते, आणि, वहिनी सांगतात, सूनबाईसुद्धा, "बाबांचं बरोबर आहे," असे म्हणाल्या. हे वाक्य त्या घरात लग्नानंतर पहिल्यांदाच उच्चारले गेले.

ल्युसर्नला कार्यक्रमपत्रिकेत 'सायंकाळ मोकळी' असे छापले होते. वसूलनीसांना हा मुद्रणदोष वाटला.

"अरे, आज संध्याकाळी काय दाखवणार?"

"काका, आज मोकळी आहे संध्याकाळ. पाण्याच्या काठानं मस्त फिरा, कॉफी घ्या, बसा निवांत."

"ते आम्ही ठाण्याला तलावपाळीवर फुकट करतो!"

या उद्गारात महाग सहलींच्या अर्थशास्त्राचे मर्म सामावले आहे असे मला वाटते. जास्तीचे पैसे लागतात ते पुष्कळ अंशी काही न दाखवल्याबद्दल लागतात : धावपळ न केल्याबद्दल, चौथे स्थळ गाळल्याबद्दल, गावाच्या मध्यावर आणून सोडून दिल्याबद्दल. आणि आयुष्यभर आवक-जावक तपासण्यात गेलेल्या माणसाला ज्या वस्तूचे बीजक निघत नाही तिचा उपभोग घेता येत नाही. दोन तास ते हॉटेलच्या दिवाणखान्यात, घड्याळ समोर धरून, किती रुपयांची संध्याकाळ वाया गेली याचे त्रैराशिक मांडीत बसले होते.

वहिनी मात्र नागपूरच्या दोघीजणींबरोबर निघून गेल्या. ल्युसर्नचा लाकडी पूल मूळचा चौदाव्या शतकातला. १९९३ च्या ऑगस्टमध्ये तो जळाला आणि पुढल्याच वर्षी पुन्हा उभा राहिला. त्या पुलावर वहिनी अंधार पडेपर्यंत होत्या. त्यांनी आमच्याकडे येऊन सहलीचा वृत्तांत सांगितला तेव्हा पुलाविषयी त्या फारसे बोलल्या नाहीत. 'रोज पनीर, रोज पिवळी डाळ' म्हणून सगळी बस त्या मुलावर कावलेली असताना एकट्या त्यांनी जेवणाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "अहो, मीठ कमी असायचं हो. पण ते माझ्या हातून कमी पडलेलं नव्हतं ना!" पंधरवडाभर त्यांना कोणी 'आज काय करतेस?' असे विचारले नव्हते. या रकमेची नोंद वसूलनीसांच्या तक्त्यात कोणत्याही रकान्यात नाही.

आता कोणी मजकडे निवाडा मागेलच, तर मी तो संकोचाने देईन, कारण या सहलींची दुसरी बाजूही मला दिसते. काचबंद बस युरोपभर फिरते ती आपला जिल्हा पोटात घेऊन फिरते. पंधरा दिवसांत एकाही फ्रेंच माणसाशी चार शब्द होत नाहीत. मोनालिसाचे दर्शन आषाढीच्या गर्दीत घ्यावे तसे मुंड्यांवरून होते. आणि टिटलिसच्या माथ्यावर सारी मंडळी आल्प्सकडे पाठ करून, १९९५ च्या त्या सुप्रसिद्ध हिंदी चित्रपटातील नायक-नायिकेच्या पुठ्ठ्याच्या प्रतिमांशेजारी छायाचित्र काढून घेण्यासाठी रांग लावतात. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत, चुकलेल्या गाडीची ज्यांना मौज वाटते आणि ज्यांच्याबरोबर फार तर एकच माणूस आहे, त्यांनी महाग कंपनीला पैसे देणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी होय. पण तीन पिढ्या एकत्र निघाल्या की हिशेब पालटतो. विमान, हॉटेल, बस, पनीर ही सर्व सामग्री खुल्या बाजारात कमी दरात मिळते, हे चिरंजीवांनी सिद्ध करून दाखवलेलेच आहे. जी मिळत नाही ती वस्तू म्हणजे तो साताऱ्याचा मुलगा. पाऊस आला, वाइनमध्ये बुडवलेले काहीतरी चुकून नातवाच्या ताटात आले, बर्फाऐवजी धुके दिसले, तर अपराधी ठरवायला एक तिऱ्हाईत, सुस्वभावी, पगारी माणूस हजर असतो, आणि त्यामुळे बाप-लेक, सासू-सून, नवरा-बायको हे सर्व एकमेकांना निर्दोष दिसू लागतात. घरातल्या घरात एवढा तह घडवून आणणारा वकील चार लाखांत मिळणार नाही.

परतीच्या विमानात हे कुटुंब एका रांगेत बसले होते, आणि कंपनीने आपल्याला कसे लुबाडले याविषयी त्यांच्यात संपूर्ण मतैक्य होते.

अभिप्रायाच्या छापील तक्त्यात वसूलनीसांनी झाडून सगळ्या रकान्यांत 'साधारण' असे लिहिले, आणि टूर मॅनेजरच्या रकान्यात जागा न पुरल्यामुळे पुरवणी जोडली. त्यात चिठ्ठ्यांचे प्रकरण, मोकळी सायंकाळ व जागांची अदलाबदल या बाबी तारीखवार नमूद होत्या. मुंबईच्या विमानतळावर त्याच मुलाने त्यांच्या बॅगा पट्ट्यावरून उतरवून दिल्या आणि वाकून नमस्कार केला. वहिनींनी उरलेल्या मेतकुटाचा डबा त्याच्या हाती दिला, तो त्याने "नको काकू" म्हणत घेतला.

यंदा पाडवा जवळ आल्यावर एका सकाळी मी बाकापाशी गेलो तेव्हा वसूलनीस फोनवर कंपनीच्या मुलीशी बोलत होते. बेत स्पेनचा होता. माझ्याकडे पाहून त्यांनी हातानेच 'बसा' अशी खूण केली, आणि फोनमध्ये विचारले, "ते सगळं ठीक. तो साताऱ्याचा मुलगा कुठल्या तारखेच्या सहलीवर आहे?"

पलीकडून काहीतरी लांबलचक उत्तर आले. त्या मुलाला बढती मिळाली होती. तो आता फक्त आणखी वरच्या श्रेणीच्या सहली नेत होता, आणि ती श्रेणी माणशी पस्तीस हजारांनी महाग होती. वसूलनीसांनी तांबड्या पेन्सिलीने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पस्तीस गुणिले पाच असे मांडले, उत्तर काढले, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "हरकत नाही. पण पाडव्याची सवलत वाढीव रकमेवर धरायची."

"अहो, गेल्या खेपेला त्याच्याविरुद्ध पुरवणी जोडली होतीत ना तुम्ही?" मी न राहवून विचारले.

फोनवर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे, व्यवहारज्ञान नसलेल्या माणसाकडे पाहावे तसे, पाहिले.

"म्हणूनच तर! नवीन माणसाला पुन्हा पहिल्यापासून कोण बोलत बसणार?"